खरखरीशी झुंजलेला माणूस : एडविन आर्मस्ट्राँग

(तृतीय वर्ष कला)

विजेच्या उपकरणांशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. इतिहास हा माझा विषय, आणि एखाद्या यंत्राचे झाकण काढून आत डोकावावे असे मला वीस वर्षांत कधी वाटले नव्हते. तरीही यंदाच्या अंकासाठी मी एका अमेरिकन विद्युत् अभियंत्याचे चरित्र लिहायला बसले आहे. याला कारण आमचे आजोबा आणि त्यांचा बंद पडलेला संच.

आजोबांची सारी नोकरी तारखात्यात गेली. पगारातून पै पै वाचवून त्यांनी दोन गोष्टी जमवल्या. एक, शे-दीडशे लाँगप्ले ध्वनिमुद्रिका. आणि दुसरी, त्या वाजवण्यासाठी एका ओळखीच्या मेकॅनिककडून बांधून घेतलेला व्हॉल्व्हचा स्टीरिओ संच. कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, माणिक वर्मा हे आमच्या घरी या संचातूनच येत. गेल्या पावसाळ्यात त्या संचाचा पहिला भाग, म्हणजे प्रीॲम्प्लिफायर, कायमचा मुका झाला. तो बांधणारा मेकॅनिक केव्हाच निवर्तला होता. आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कानही मंदावले आहेत. त्यांनी तक्रार केली नाही. रोज संध्याकाळी एक मुद्रिका बाहेर काढायची, फडक्याने पुसायची आणि पुन्हा पाकिटात घालून ठेवायची, एवढेच ते करू लागले. मला ते पाहवेना. शिष्यवृत्तीतून साठलेले दहा हजार रुपये माझ्याजवळ होते. त्यातून नवा प्रीॲम्प्लिफायर घ्यायचा, आणि तोही व्हॉल्व्हचाच, असे मी मनाशी ठरवले.

पहिली खरेदी साफ फसली. चार हजारांना मी एक देखणी पेटी घेतली. वर काचेच्या दोन नळ्या, आणि बटण दाबताच त्यांत केशरी उजेड. त्या उजेडावरच मी भाळले. घरी आणून जोडली, तर गाणे दूर विहिरीतून आल्यासारखे बारीक. आणि आवाज वाढवला की गाण्याच्या आधी घूं घूं असा भुंगा खोलीभर फिरू लागे. शेजारच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी ती पेटी उघडून दाखवली. नळ्यांच्या खाली उजेडासाठी वेगळे छोटे दिवे बसवले होते. जी नळी सुमारे अडीचशे व्होल्टवर काम करण्यासाठी बनली आहे, तिला जेमतेम चोवीस व्होल्ट दिले होते. आणि मुख्य म्हणजे ती पेटी ध्वनिमुद्रिकेसाठी नव्हतीच! सरांनी मला धीर दिला. वस्तू हातात असूनही ती काय करते हे न कळणारी मी काही पहिली नव्हे. ही नळी ज्याने बनवली त्यालाही ती कशी चालते हे नीट उमगले नव्हते, असे ते म्हणाले. मग कोणाला उमगले, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगचे नाव सांगितले. चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग तेवढा मला माहीत होता. या दुसऱ्या आर्मस्ट्राँगबद्दल मी वाचू लागले, आणि प्रीॲम्प्लिफायर कसा निवडावा या माझ्या क्षुद्र प्रश्नाचे उत्तर एका विलक्षण आणि करुण आयुष्यात मला सापडले.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत कामाला होते. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. घर पुस्तकांचे आणि शिस्तीचे. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला एका मज्जाविकाराने गाठले. त्याची शाळा दोन वर्षे सुटली, आणि भावनेचा ताण आला की चेहरा व खांदा आचका देऊन उडण्याची खोड त्याला जन्मभर चिकटली. मुलगा मितभाषी आणि एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले. तिथे घराच्या माळ्यावरची खोली त्याने तारा, वेटोळी आणि बॅटऱ्यांनी भरून टाकली. मार्कोनीने बिनतारी संदेश अटलांटिकपार धाडल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती हकीकत वाचून चौदाव्या वर्षी एडविनने ठरवले की आपण संशोधक व्हायचे. अंगणात त्याने सव्वाशे फूट उंचीचा खांब स्वतः उभारला, आणि दोरीच्या पाळण्यात बसून तो त्याच्या टोकापर्यंत चढू लागला. उंचीची ओढ त्याला कायमची होती. शेजाऱ्यांच्या काळजाचे पाणी होई. त्याला मात्र तिथे मोकळे वाटे.

आता त्या नळीची गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने १९०४ साली काचेच्या निर्वात नळीत एक तापणारी तार आणि एक धातूची पट्टी बसवून वीज एकाच दिशेने वाहील अशी झडप केली. म्हणूनच तिला व्हॉल्व्ह म्हणतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने त्या दोहोंच्या मध्ये तारेची एक तिसरी जाळी घातली आणि नळीला ऑडिऑन असे नाव दिले. तापलेल्या तारेकडून पट्टीकडे इलेक्ट्रॉन धावतात; मधल्या जाळीवर अगदी इवलासा विद्युत्‌दाब कमीजास्त केला, की तो मोठा प्रवाहही तसाच कमीजास्त होतो. नळाची चावी दोन बोटांनी फिरवावी आणि तोटीतून पाण्याचा लोट कमीजास्त व्हावा, तसे हे आहे. क्षीण सूर मोठा करण्याचे सारे रहस्य या जाळीत आहे. पण डी फॉरेस्टला वाटत होते की नळीत उरलेल्या वायूमुळे हे सारे घडते. वस्तू त्याची, पेटंट त्याचे; पण तिच्या पोटात काय चालते याची त्याची कल्पना चुकीची होती. त्यामुळे पहिली काही वर्षे ही नळी केवळ संदेश पकडणारी एक लहरी काच म्हणून वापरली गेली.

एडविन १९०९ साली कोलंबिया विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकायला दाखल झाला. याँकर्सहून तो रोज तांबड्या मोटारसायकलवरून येई-जाई. तिथे मायकेल प्यूपिन यांच्यासारखे गुरू त्याला लाभले. इतरांनी नळी वापरली, एडविनने ती मोजली. जाळीवर किती दाब, पट्टीकडे किती प्रवाह, याचे आलेख त्याने काढले आणि वायूची कल्पना बाजूला सारून इलेक्ट्रॉनांचा खरा हिशेब मांडला. १९१२ च्या सप्टेंबरात त्याला एक युक्ती सुचली. नळीतून मोठा होऊन बाहेर पडलेला संकेत थोडासा परत जाळीकडे वळवला तर? तो पुन्हा मोठा होईल, पुन्हा वळेल, पुन्हा मोठा होईल. त्याने जोडणी केली, आणि आजवर कानाला यंत्र दाबून जेमतेम ऐकू येणारे दूरचे संदेश खोलीभर घुमू लागले. त्या मध्यरात्री त्याने बहिणीला झोपेतून उठवून ही बातमी सांगितली. वळवलेला अंश एका मर्यादेपलीकडे वाढवला की नळी स्वतःच कंपने निर्माण करू लागते, हेही त्याच्या ध्यानात आले. म्हणजे जी नळी ऐकते, तीच बोलूही शकते! रेडिओच्या युगाचे दोन्ही दरवाजे एका विद्यार्थ्याने माळ्यावरच्या खोलीत उघडले. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता.

पेटंटच्या खर्चासाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. आधी पदवी घे, मग पाहू, असे वडिलांचे म्हणणे पडले. आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात हेच घडले असते. निरुपाय म्हणून ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने आपल्या जोडणीच्या आकृतीवर नोटरीची सही-शिक्का घेऊन ठेवला. पेटंटचा अर्ज करायला त्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडला. या उशिराची किंमत त्याला पुढे वीस वर्षे मोजावी लागली.

इथपर्यंत वाचले तेव्हा माझ्या चार हजारांच्या पेटीचे कोडे मला उलगडू लागले. मुद्रिकेच्या खाचेतून फिरणारी सुई जो संकेत देते तो तीन ते पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या तीन-पाच पट. मुख्य ॲम्प्लिफायरला लागतो साधारण एक व्होल्ट. मधली ही उंच पायरी चढवून देणे हे प्रीॲम्प्लिफायरचे काम. शिवाय मुद्रिका कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर मुद्दाम चढवलेले असतात; वाजवताना तेच उलट करून मूळ तोल साधावा लागतो. या उलटसुलटीचे प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले आणि पुढे ते जगभर चालू झाले. आता यात गोम अशी, की खर्ज चढवताना विजेच्या तारांतून शिरणारी पन्नास कंपनांची घरघरही मधल्या सुरांच्या तुलनेत सुमारे सातपट चढते. तेव्हा प्रीॲम्प्लिफायरची खरी कसोटी संकेत किती मोठा होतो यापेक्षा, तो मोठा होताना सोबतचा कचरा किती कमी येतो, यात आहे. ही गोष्ट आर्मस्ट्राँगला फार लवकर कळली होती. आपला शत्रू अंतर नव्हे, खरखर आहे, हे त्याने ओळखले होते.

आणखी एक गंमत. संकेत परत वळवण्याची त्याचीच कल्पना १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याने उलटी करून वापरली. वळवलेला अंश मूळ संकेतात मिळवण्याऐवजी वजा करायचा. वाढ घटते, पण विकृतीही घटते. आजच्या पुष्कळ चांगल्या प्रीॲम्प्लिफायरांत हीच तडजोड असते. थोडे सोडायचे आणि शुद्धता मिळवायची. आर्मस्ट्राँगला यंत्रातली प्रत्येक वाट दिसे. आयुष्यातली ही एक वाट मात्र त्याने कधी धरली नाही.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या संदेशदळात कॅप्टन आणि पुढे मेजर झाला. पॅरिसमध्ये असताना १९१८ साली त्याने सुपरहेटरोडाइन ही पद्धत शोधली. वेगवेगळ्या लहरी आधी एका ठरावीक कंपनसंख्येवर आणायच्या आणि मग मोठ्या करायच्या. आपल्या घराघरांतले व्हॉल्व्हचे आणि ट्रान्झिस्टरचे रेडिओ याच तत्त्वावर चालत आले. युद्धानंतर पैसा आला. १९२२ साली एका नव्या शोधाबद्दल आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीने त्याला दोन लाख डॉलर आणि साठ हजार शेअर दिले. कंपनीच्या व्यक्तिगत भागधारकांत तो सर्वांत मोठा ठरला. या कंपनीचा कर्ताधर्ता डेव्हिड सारनॉफ हा त्याचा जुना मित्र. १९१४ च्या जानेवारीअखेर या दोघांनी समुद्रकाठच्या एका गारठलेल्या झोपडीत रात्रभर बसून एडविनच्या यंत्रावर हजारो मैलांवरचे संदेश ऐकले होते. सारनॉफच्या कार्यालयातच मेरियन मॅकिनिस ही चिटणीस होती. तिच्यावर छाप पाडायला हा तेहतिशीचा गृहस्थ कंपनीच्या इमारतीवरील उंच प्रक्षेपण मनोऱ्यावर चढला, आणि सारनॉफने संतापून त्याला तिथे यायला बंदी केली! १९२३ च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. नवरीला भेट म्हणून त्याने हातात उचलून नेता येईल असा रेडिओ स्वतः बनवून दिला. तशा प्रकारचा तो पहिलाच मानतात.

पण याच काळात डी फॉरेस्टशी त्याचा खटला सुरू होता. संकेत परत वळवण्याची युक्ती आधी आपल्याला सुचली, असा डी फॉरेस्टचा दावा होता. पुराव्यादाखल १९१२ च्या ऑगस्टमधली एक वही होती. तिच्यात एका जोडणीतून शीळ ऐकू आल्याची नोंद होती. ती शीळ म्हणजे काय, हे तेव्हा डी फॉरेस्टच्या ध्यानात आले होते का, हा वाद होता. न्यायालये कधी इकडे, कधी तिकडे झुकली. अखेर १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. ज्यांना नळी कळत होती ते अभियंते चकित झाले. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी आर्मस्ट्राँगला पूर्वी आपले सन्मानपदक दिले होते. निकालानंतर संस्थेच्या अधिवेशनात तो ते पदक परत करायला गेला. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला आणि सारे सभागृह त्याच्यासाठी उभे राहिले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. कागदावरचा पुरावा आणि जाणकारांची साक्ष यांत अंतर पडले, तर आपण कोणाचे ऐकायचे?

खटला चालू असतानाच तो त्याच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळला होता. रेडिओतली खरखर घालवायची. तेव्हाच्या रेडिओत लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त केली जाई. पण आकाशातली वीजही लहरीची उंचीच बिघडवते. मग गाण्यातून वीज वेगळी कशी काढणार? आर्मस्ट्राँगने ठरवले की उंची स्थिर ठेवायची आणि लहरीची कंपनसंख्या बदलायची. नामांकित गणितज्ञांनी ही वाट आधीच निरुपयोगी ठरवली होती. त्यांचे गणित लहरीला अरुंद पट्टा दिला तर बरोबर होते. आर्मस्ट्राँगने पट्टाच रुंद केला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला या पद्धतीची पेटंटे मिळाली. हीच आपली एफ.एम.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यू यॉर्कला अभियंत्यांच्या सभेत त्याने तिचे प्रात्यक्षिक दाखवले. याँकर्सहून एका मित्राच्या केंद्रातून प्रक्षेपण होत होते. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, कागद चुरगळल्याचा आणि फाडल्याचा आवाज आला. रेडिओतून पाणी पाण्यासारखे आणि कागद कागदासारखा तोवर कोणी ऐकला नव्हता. मला त्याहून विशेष वाटते ती दोन आवाजांमधली शांतता. यंत्र चालू आहे आणि तरी काही ऐकू येत नाही, हा त्या श्रोत्यांना नवा अनुभव होता. पुढे न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावी त्याने स्वखर्चाने चारशे फुटांहून उंच मनोरा उभारला आणि १९३९ पासून तिथून नियमित प्रक्षेपण होऊ लागले. तो मनोरा अजून उभा आहे. २००१ साली न्यू यॉर्कचे जुळे मनोरे पडले, तेव्हा शहरातल्या काही दूरचित्रवाणी केंद्रांना त्याच मनोऱ्याने आसरा दिला. आपल्याकडे आकाशवाणीची एफ.एम. सेवा १९७७ साली मद्रासला सुरू झाली.

सारनॉफला खरखर घालवणारी एखादी डबी हवी होती, पण मित्राने हाती दिली ती नवी रेडिओव्यवस्थाच. जुन्या व्यवस्थेत कंपनीचे भांडवल गुंतलेले, आणि लक्ष दूरचित्रवाणीकडे. एम्पायर स्टेट इमारतीवर चाललेले आर्मस्ट्राँगचे प्रयोग १९३५ साली थांबवून त्याला सामान हलवायला सांगण्यात आले. १९४० साली कंपनीने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीच्या प्रमाणात मोबदला देतात, मग हिला वेगळा न्याय का, म्हणून त्याने ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याने आपली पेटंटे सैन्याला मोबदल्याविना वापरू दिली. १९४५ साली सरकारी आयोगाने एफ.एम.चा पट्टा वर, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, हलवला आणि लोकांच्या घरांतले काही लाख संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले. १९४८ साली त्याने आर.सी.ए.वर दावा लावला. कंपनीच्या वकिलांना घाई नव्हती. पेटंटांची मुदतच संपत आली होती. जबान्या वर्षानुवर्षे चालल्या. पैसा संपला, प्रकृती खचली. १९५३ च्या नोव्हेंबरात त्याने मेरियनकडे उतारवयासाठी राखलेला पैसा मागितला. ती नाही म्हणाली. रागाच्या भरात त्याने तिच्यावर लोखंडी सळई उगारली, ती तिच्या दंडाला लागली. मेरियन घर सोडून बहिणीकडे गेली. १९५४ च्या जानेवारीच्या अखेरच्या रात्री आर्मस्ट्राँगने पत्नीला चिठ्ठी लिहिली आणि आपल्या हातांनी आयुष्य संपवले. त्या आकृतीवर नोटरीचा शिक्का उठवला त्याला त्या दिवशी बरोबर एकेचाळीस वर्षे झाली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस मेरियनने आर.सी.ए.शी तडजोड केली. रक्कम दहा लाख डॉलरच्या जरा वर, म्हणजे १९४० साली नाकारली जवळजवळ तेवढीच. उरलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे तिने शांतपणे, एकेक करून, लढवले. शेवटचा दावा १९६७ साली तिच्या बाजूने लागला. तेव्हा आर्मस्ट्राँगला जाऊन तेरा वर्षे झाली होती.

हे वाचले त्या आठवड्यात मी स्वतः एक भांडण घेऊन बसले होते. ज्याने मला ती चार हजारांची पेटी विकली त्याला मी सात पत्रे लिहिली होती. आठव्याचा मसुदा टेबलावर होता. माझे म्हणणे खरे होते आणि अजूनही खरेच आहे. पण दीड महिना मी पत्रे लिहीत होते आणि आतल्या खोलीत आजोबा मुद्रिका पुसत होते. आर्मस्ट्राँग चुकला असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्याच्यासारखी माणसे अडून बसली नसती तर पेटंटाला अर्थच उरला नसता. तरी मेरियनचे रिकामे घर डोळ्यांपुढून जाईना. आठवे पत्र मी पाठवले नाही. ती पेटी, तिच्यात काय आहे आणि काय नाही हे स्पष्ट सांगून, एका मुलाला अडीच हजारांत देऊन टाकली. माझ्याजवळ साडेआठ हजार उरले.

मग सरांना घेऊन मी पुन्हा शोधाला निघाले. या वेळी उजेड पाहायचा नाही, मोजायचे, असे ठरवले होते. पहिला प्रश्न, याला ध्वनिमुद्रिकेसाठी खास प्रवेश आहे का, आणि दबलेला खर्ज तो पुन्हा नीट करतो का? दुसरा, नळीला तिचा पुरता विद्युत्‌दाब मिळतो का? त्यासाठी नळीकडे न पाहता मागचा ट्रान्स्फॉर्मर पाहायचा. तिसरा, नळी आजही कारखान्यांत बनते का? १२एएक्स७ ही नळी, जिला युरोपात ईसीसी८३ म्हणतात, रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये अजून बनते. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी रेडिओच्या नळ्या बनवल्या, पण आता त्या जुन्या साठ्यातूनच शोधाव्या लागतात. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शांततेचा. यंत्र दहा मिनिटे तापू द्यायचे, सुई मुद्रिकेवरून उचललेली ठेवायची, आवाज नेहमीच्या खुणेवर आणायचा आणि स्पीकरला कान लावायचा. त्या वेळी जे ऐकू येते ते यंत्राचे स्वतःचे. सरांनी हेही प्रामाणिकपणे सांगितले की याच्या निम्म्या किमतीत ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प्लिफायर मिळेल आणि तोही तितकाच शांत असू शकेल. व्हॉल्व्ह ही आवडीची बाब आहे. पण उरलेला सारा संच व्हॉल्व्हचा होता, आणि आजोबांची आवड हेच तर या खटाटोपाचे कारण होते.

दोन यंत्रे या कसोटीला उतरली नाहीत. एकात घरघर होती. दुसऱ्यातली नळी टिचकी मारताच घंटेसारखी वाजे. तिसरे यंत्र रेडिओ दुरुस्तीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सुट्या भागांतून जोडलेले होते. साध्या लाकडी पाटावर राखाडी पत्र्याची पेटी, आत दोन १२एएक्स७, आणि बाहेर उजेडाचा पत्ताच नाही. स्पीकरला कान लावला तेव्हा यंत्र बंदच आहे असे मला वाटले. आठ हजारांना सौदा ठरला. बंद केल्यावरही आत धोकादायक वीज साठून राहते, तेव्हा झाकण उघडायचे नाही, अशी तंबी त्या गृहस्थांनी पैसे मोजून घेण्याआधी दिली.

संध्याकाळी सरांनी जोडणी केली, टर्नटेबलची अर्थिंगची तार घट्ट बसवली. आजोबांनी त्या दिवशी पुसायला काढलेली मुद्रिका आपल्या हाताने तबकावर ठेवली. सुई टेकायच्या आधी ते क्षणभर थांबले आणि पंखा कोणी बंद केला, असे त्यांनी विचारले. पंखा फिरतच होता. इतकी वर्षे त्यांच्या जुन्या संचातून येणारी बारीक घरघर त्यांना पंख्याचीच वाटत आली होती. मग तंबोरा सुरू झाला, आणि गायकाने स्वर लावण्यापूर्वी घेतलेला श्वास आम्हा तिघांनाही स्पष्ट ऐकू आला.